प्रकल्पाआधी दाखवायचे व्हिडिओ (सहावी ते आठवी) : काय दाखवावं, काय झाकून ठेवावं?

खडूफळा (धागाकर्ता)

आपल्याकडे विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. वर्षभरातल्या प्रकल्पांचे छोटे व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवायला हे दिवस बरे, म्हणून धागा आत्ताच काढतोय.

प्रकल्प हे आकारिक मूल्यमापनाचं एक साधन. पण होतं काय, की जोडतासिकेतली पहिली तासिका "कात्री कशी धरायची, रेती कशी धुवायची" हे सांगण्यातच जाते. मोजमाप आणि निरीक्षण, म्हणजे ज्यासाठी प्रकल्प दिला तोच भाग, घरी जातो आणि पालक पूर्ण करतात. हे हातकाम आधीच्या आठवड्यात व्हिडिओवरून शिकवून ठेवलं तर अख्खी जोडतासिका खऱ्या कामाला मिळते.

माझं म्हणणं एवढंच आहे : व्हिडिओत हाताचं कसब दाखवा, तयार मॉडेल दाखवू नका. तयार मॉडेल एकदा दिसलं की चाळीस मुलांची चाळीस मॉडेलं एकसारखी येतात, चिकटपट्टीच्या रंगासकट.

उदाहरणाला सातवीचा पाणी गाळण्याचा प्रकल्प घेऊ. यासाठी तीन क्लिपा पुरतात.

पहिली, बाटली कापणं, सव्वा मिनिट. १ लिटरची पारदर्शक बाटली, बुडापासून ३ सेंमी वर रेघ. रेघ हातानं मारली तर वाकडी जाते. ३ सेंमी जाडीची पुस्तकं टेबलावर ठेवायची, त्यावर मार्कर आडवा दाबून धरायचा आणि बाटली जागच्या जागी फिरवायची. पहिलं भोक मोठ्या माणसानं दाभणानं पाडायचं, पुढचं बोथट टोकाच्या कात्रीनं मुलांनी कापायचं. कापलेल्या कडेला चिकटपट्टी.

दुसरी, रेती धुणं, दोन मिनिटं. बादलीत चार बोटं रेती, त्यावर वीतभर पाणी, ढवळायचं, दहा अंक मोजायचे आणि वरचं गढूळ पाणी पांढऱ्या टबात ओतायचं. पांढराच टब हवा, नाहीतर रंग कळत नाही. हे सहा-सात वेळा. इथे मधली ओतणी कापून "आणि रेती स्वच्छ झाली" असं अजिबात करू नका. प्रत्येक ओतणं तीन सेकंद तरी दाखवा, बाजूला १, २, ३ अशा चिठ्ठ्या. व्हिडिओत दोन ओतण्या दिसल्या तर मूल दोनच वेळा धुतं, आणि मग गाळलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा गढूळ येतं.

तिसरी, पाणी किती स्वच्छ झालं ते मोजणं, दीड मिनिट. पांढऱ्या कागदावर काळी फुली, त्यावर सपाट बुडाचा काचेचा उंच ग्लास. वरून बघत हळूहळू पाणी ओतायचं. फुली दिसेनाशी झाली की थांबायचं आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. उंची जितकी जास्त तितकं पाणी स्वच्छ. ग्लास भरूनही फुली दिसत राहिली तर "ग्लासभर उंचीपेक्षा जास्त" असं लिहायचं.

बाटलीत भरायच्या रेती-कोळशाच्या थरांचा क्रम आणि जाडी कुठेच दाखवायची नाही. ते गटानं ठरवायचं.

तुमचे अनुभवसिद्ध मुद्दे लिहा. मोघम सूचना नकोत, आकडे आणि अडचणी हव्यात.

निळी_शाई

सर, कापणं-धुणं-मोजणं या तीन क्लिपा पटल्या. तयार मॉडेल पूर्ण झाकण्याबद्दल मात्र मतभेद आहे. वर्गातली काही मुलं "शेवटी काय बनणार" हे डोळ्यांसमोर आल्याशिवाय सुरुवातच करू शकत नाहीत. वाचायला जड जाणारी मुलं तर नक्कीच. त्यांना तीन सुट्या क्लिपा म्हणजे तीन सुटी कामं वाटतात.

मधला मार्ग सुचवते. मॉडेल दाखवू नका, पण सगळं साहित्य टेबलावर मांडून वरून काढलेलं एक छायाचित्र व्हिडिओच्या सुरुवातीला दहा सेकंद ठेवा. सोबत एकच वाक्य : "या वस्तू वापरून गढूळ पाणी असं गाळायचं की फुली आधीपेक्षा जास्त उंचीपर्यंत दिसेल." कुठे पोहोचायचं ते कळतं, कसं ते कळत नाही.

आणि व्हिडिओसोबत एक चतकोर कागद द्या. त्यावर बाटलीची रिकामी आकृती आणि तीन प्रश्न : सर्वांत वर काय ठेवणार, तळाशी काय, आणि का. कागद भरून आणला तरच साहित्य हाती द्यायचं. व्हिडिओ पाहिला का, हे वेगळं विचारावं लागत नाही.

खडूफळा

मॅडम, छायाचित्राची सूचना मान्य. पहिल्या क्लिपेच्या आधी तेच टाकावं.

काळी_माती

पाण्याच्या प्रकल्पाबद्दल लिहितो, कारण यात व्हिडिओ करणाऱ्याकडूनच चुका राहतात आणि त्या चाळीसपट होऊन वर्गात येतात.

आधी कोळसा. व्हिडिओत नुसतं "कोळसा" म्हणू नका, "लाकडी कोळसा" म्हणा आणि दाखवा. आपल्या नागपूरच्या आजूबाजूला उमरेड, कामठी, सावनेरच्या कोळसा खाणी. कोळसा म्हटलं की काही घरांतून दगडी कोळसा येतो, आणि तो या कामाचा नाही. ओळख अशी दाखवा : लाकडी कोळसा हातात हलका लागतो, त्यावर लाकडाच्या रेषा दिसतात, कोरडा तुकडा पाण्यात टाकला की आधी तरंगतो. दगडी कोळसा टाकताच बुडतो. पंधरा सेकंदांचं दृश्य आहे, पण प्रकल्प वाचतो. प्रेसवाल्याकडे लाकडी कोळसा मिळतो, फक्त जळून झालेली राख-चुरा आणू नये हेही सांगा.

तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीएवढे, म्हणजे साधारण ३ ते ५ मिमी. पूड केली तर गाळलेलं पाणी काळं येतं. फडक्यात बांधून बत्त्यानं हलके ठोके, मग पिठाच्या चाळणीनं बारीक पूड वेगळी, मग धुणं. चाळणी आणि धुणं दोन्ही कॅमेऱ्यासमोर.

कोळसा तरंगतो म्हणूनच तो सर्वांत वर ठेवलेली मॉडेलं फसतात. पाणी ओतताच थर उचलला जातो. पण हे आधी सांगू नका! खडूफळा सरांच्या तत्त्वात बसतं ते : ज्या गटानं कोळसा वर ठेवला त्याला तो उचललेला दिसू द्या.

रेती कन्हान नदीची, बांधकामाची चालेल, पण दोन चाळण्यांनी बारीक आणि भरड वेगळी करा. ओली करून भरायची. कोरडी भरली की आत हवा अडकते, पाणी बाटलीच्या भिंतीलगत वाट काढतं आणि रेतीला न शिवता खाली येतं. खालून थेंबांऐवजी धार लागली तर समजा असंच झालंय. ओतताना पाणी चमच्याच्या पाठीवर पडू द्यायचं, नाहीतर रेतीत खड्डा पडतो.

गढूळ पाणी सगळ्या गटांना एकच हवं, नाहीतर तुलना करता येत नाही. १ लिटर नळाच्या पाण्यात चहाचा एक चमचा चाळलेली काळी माती, चांगलं हलवायचं, दोन मिनिटं थांबायचं, वरचं पाणी वापरायचं. नाग नदीचं किंवा नाल्याचं पाणी आणायला सांगू नका. त्यात सांडपाणी असतं आणि मुलांचे हात त्यात बुडतात. आणि प्रत्येक क्लिपेच्या शेवटी मोठ्या अक्षरांत : हे पाणी प्यायचं नाही. बाटलीतली रेती जंतू काढत नाही.

निळी_शाई

काळी_माती सर, काळ्या मातीचं पाणी रेतीतून गाळलं तरी पांढुरकं राहतं. मुलांना वाटतं आपलं मॉडेल बिघडलं. त्यासाठी वेगळी क्लिप करावी का?

काळी_माती

जरूर करावी. सगळ्यांत महत्त्वाची क्लिप हीच, पण ती पहिल्या प्रयत्नानंतर दाखवायची.

काळ्या मातीत चिकणमातीचे कण भरपूर. हे २ मायक्रॉनपेक्षा लहान. एवढा कण स्थिर पाण्यात १० सेंमी खाली यायला जवळजवळ ८ तास घेतो आणि रेतीच्या फटींतून आरामात निसटतो. शिवाय या कणांवर ऋण प्रभार असतो, ते एकमेकांना ढकलतात, म्हणून एकत्र येत नाहीत. तुरटी तो प्रभार मारते, कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात आणि ते बसतात किंवा रेतीत अडकतात. गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात पेंचच्या पाण्यावर काम होतं त्याचं तत्त्व हेच : तुरटीसारखं द्रव्य, निवळणं, रेतीतून गाळणं, शेवटी क्लोरीन.

आता प्रमाण. "चिमूटभर तुरटी" असं व्हिडिओत म्हणू नका, प्रत्येकाची चिमूट वेगळी. १० ग्रॅम कुटलेली तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवायची, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅम नीट मोजता येत नाही, १० ग्रॅम येतं, म्हणून एवढं द्रावण. अर्ध्या लिटर गढूळ पाण्यात सुई काढलेल्या सिरिंजनं २ मिली. म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम. एक मिनिट जोरात ढवळणं, मग दहा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात न लावता ठेवणं. हळू ढवळण्याच्या वेळी जोर लावला तर तयार झालेले पुंजके फुटतात.

शेजारी बिनतुरटीचा दुसरा ग्लास हवाच. तिसऱ्यात १० मिली टाकून दाखवलं तर आणखी चांगलं : जास्त तुरटी म्हणजे जास्त स्वच्छ पाणी, हा समज तिथेच तपासता येतो.

एक धोका. अर्ध्या तासाचं निवळणं टाइमलॅप्सनं वीस सेकंदांत दाखवलं की मुलं ग्लास मांडून अर्ध्या मिनिटात "झालं नाही" म्हणतात. चौकटीत ग्लासांशेजारी काट्याचं घड्याळ ठेवा, मिनिटकाटा फिरताना दिसू द्या.

तर्रीपोहा

चित्रीकरणाचं सांगतो, कारण यातच लोक अडकून राहिले आहेत.

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली व्हिडिओ काढला की काळे पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर किंवा अँटी-बँडिंग असेल तर ५० हर्ट्झ करा. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१००. काहीच नसेल तर दिवे बंद करून खिडकीजवळ बसा. सरळ ऊन नको, पातळ पांढरा पडदा ओढा.

मोबाइल हातात धरू नका. दोन खुर्च्यांच्या पाठींवर लाकडी फळी, फळीवर मोबाइल स्क्रीन वर करून सपाट, कॅमेऱ्याची भिंगं कडेबाहेर, वरून वजन म्हणून वही. रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी मोबाइल आडवा करून हातात उभा धरा, स्क्रीन फिरू द्या, मग फळीवर ठेवा. सपाट ठेवलेल्या मोबाइलला दिशा कळत नाही आणि अख्खी क्लिप उभी निघते.

कॅमेऱ्याची वरची बाजू आणि करणाऱ्याची समोरची बाजू एकच ठेवा. म्हणजे पडद्यावर हात खालून येताना दिसतात आणि उजवा हात उजवीकडेच राहतो. समोरच्या बाजूनं काढलं तर सगळं उलटं दिसतं आणि गाठ मारणं, रबरबँड चढवणं असल्या कामात मुलं गोंधळतात.

पारदर्शक बाटली पांढऱ्या भिंतीसमोर दिसतच नाही. मागे गडद निळी चादर, प्रकाश बाजूनं. बाटलीवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, नाहीतर हात मध्ये आला की कॅमेरा हातावर फोकस करतो.

आवाज हा आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचा खास प्रश्न. कूलर चालू असेल तर बोलणं वापरण्याजोगं राहत नाही, आणि कूलर बंद करून दुपारी खोलीत बसवत नाही. उपाय : चित्र आधी काढा, कूलर चालू असला तरी चालेल, त्याचा आवाज पूर्ण काढून टाका. बोलणं पहाटे सहा-सातच्या सुमारास, पंखा बंद करून वेगळं रेकॉर्ड करा. खोलीत गाद्या, कपडे असतील तर घुमत नाही. मोबाइल तोंडापासून एक वीत, थोडा बाजूला, म्हणजे "प", "फ" फुटत नाहीत.

गोकुळपेठ_बाजार

बोलणं असावंच का, हा माझा प्रश्न. रेती धुण्याच्या क्लिपेत पडद्यावर अक्षरं, त्याच वेळी तेच वाक्य बोललं जातंय, आणि हातही चालू. मुलांचं लक्ष वाचण्यात जातं आणि हात बघायचा राहतो. मल्टिमीडियातून शिकण्यावर रिचर्ड मेयर यांनी बरंच काम केलंय. त्यांचं सांगणं हेच, की चित्र आणि बोलणं पुरेसं असतं, तेच शब्द पडद्यावर पुन्हा लिहिल्यानं शिकणं सहसा वाढत नाही, ओझं वाढतं. पडद्यावर फक्त आकडा आणि एकक ठेवा : "३ सेंमी", "७ वेळा", "२ मिली".

आणि आपल्या शहरात अर्ध्या वर्गाच्या घरी हिंदी. चित्र एकच ठेवून बोलणं मराठीत आणि हिंदीत वेगवेगळं लावता येतं. त्यासाठी तर्रीपोहा भाऊंची वेगळ्या आवाजाची पद्धत फार सोयीची आहे.

लांबीबद्दल : एडएक्सच्या व्हिडिओंवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्यावर, लक्ष टिकण्याचा मध्यम काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही असं दिसलं. ते ऑनलाइन अभ्यासक्रमांना बसलेले विद्यार्थी, आपली मुलं बारा-तेरा वर्षांची. दीड-दोन मिनिटांच्या सुट्या क्लिपाच योग्य. नेमकी हवी ती क्लिप पुन्हा लावताही येते.

आता सामाजिक शास्त्राचं. बाजाराच्या सर्वेक्षणाला व्हिडिओ लागत नाही असं समजतात, पण तिथे तर जास्त लागतो. विक्रेत्याशी बोलायचं कसं हेच मुलांना ठाऊक नसतं. दोन मोठ्या माणसांनी एकच मुलाखत दोनदा करून दाखवावी, प्रत्येकी एक मिनिट. पहिलीत मुलगा वहीत डोकं घालून "तुमचा धंदा चांगला चालतो का?" विचारतो आणि "हो" एवढंच उत्तर मिळतं. दुसरीत आधी नमस्कार, शाळेचं काम आहे हे सांगणं, गिऱ्हाईक आलं की गप्प बाजूला उभं राहणं, आणि प्रश्न असा : "आज सकाळी किती माल आणला होता, आता किती उरला?" फरक मुलांनी शोधायचा, व्हिडिओत सांगायचा नाही. इथे चुकीचं उदाहरण आधी दाखवलं तरी नुकसान नाही, कारण मूल ते लगेच ओळखतं.

संत्र्यांचे भाव विचारायचे तर आणखी एक क्लिप. कुणी डझनानं सांगतो, कुणी किलोनं, कळमन्याच्या घाऊक बाजारात तिसरंच माप. एका डझनाचं वजन काट्यावर करून दाखवा, लहान फळाचं आणि मोठ्या फळाचं. मग सगळे भाव किलोवर आणता येतात. नाहीतर आलेख काढायच्या दिवशी कळतं की आकड्यांची तुलनाच होत नाही.

पेनड्राइव्ह_घ्या

व्हिडिओ पोहोचवण्याचं गणित. हल्लीचे बरेच मोबाइल एच.२६५ या नव्या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्ड करतात आणि वर्गातला जुना टीव्ही ते उघडत नाही, नुसता आवाज येतो किंवा "फाइल सपोर्टेड नाही". एच.२६४, एमपी४ ठेवा. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एक्सफॅट असेल तरी काही टीव्ही वाचत नाहीत, फॅट३२ करून घ्या.

पालकांना पाठवायची प्रत वेगळी. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४८०पी, सेकंदाला चित्राचे ४०० किलोबिट, आवाजाचे ६४ किलोबिट, मोनो. मिनिटाला साडेतीन एमबी होतात, दोन मिनिटांची क्लिप सात एमबीत बसते. हात आणि बाटली एवढंच दृश्य असलं तर एवढ्यात स्पष्ट दिसतं. मात्र पाण्याचा गढूळपणा दाखवणारी क्लिप ७२०पी ठेवा, कमी बिटरेटला तुरटीचे पुंजके चौकोनी डाग होऊन जातात.

घरी मोबाइल एकच असतो आणि तो बाबांबरोबर संध्याकाळी येतो, हे धरून चाला. घरी पाहणं सक्तीचं करू नका. मधल्या सुट्टीआधीची दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा, वर्गातच लावा. घरची प्रत गैरहजर मुलांसाठी.

मुलांचे चेहरे, नावपट्ट्या, गणवेशावरचा बिल्ला चौकटीत येऊ देऊ नका. हात पुरेत. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. यूट्यूबवर टाकायचं तर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं.

निळी_शाई

मग क्रम असा धरायचा का? सोमवारी वर्गात पहिल्या दोन क्लिपा. लगेच दहा मिनिटं हातानं सराव, म्हणजे एक रेघ मारणं आणि एकदा रेती धुणं. बुधवारी मोजमापाची क्लिप आणि चतकोर कागद. शुक्रवारी जोडतासिकेत मॉडेल, फुलीची उंची वहीत. पुढच्या सोमवारी तुरटीची क्लिप आणि दुसरा प्रयत्न.

खडूफळा

हाच. फक्त शुक्रवारच्या आधी साहित्य तपासायला गुरुवारी पाच मिनिटं काढा. रेती न धुता आणलेला एक तरी गट असतोच. आणि दुसऱ्या प्रयत्नात प्रत्येक गटानं एकच गोष्ट बदलायची : रेतीची जाडी, किंवा कोळशाचा आकार, किंवा तुरटी. दोन बदलल्या तर फुलीची उंची कशामुळे वाढली ते कळणार नाही. गुण देताना दोन उंचींमधल्या फरकाच्या कारणाला जास्त, मॉडेलच्या देखणेपणाला काही नाही.

तर्रीपोहा

फुलीच्या क्लिपेसाठी एक राहिलं. कॅमेरा ग्लासच्या बरोबर वर हवा, जराही तिरका असला तर ग्लासच्या कडेची सावली फुलीवर पडते आणि ती लवकर नाहीशी झाल्यासारखी दिसते. प्रकाश दोन्ही बाजूंनी सारखा ठेवा. मुलांनाही हेच सांगा : खिडकीकडे पाठ करून वाकलं तर स्वतःच्याच डोक्याची सावली ग्लासात पडते, म्हणून उंची लिहायच्या आधी बाजू बदलून एकदा पुन्हा बघायचं.

काळी_माती

आणि ओतणारा एक, बघणारा दुसरा. बघणाऱ्यानं "थांब" म्हटल्यावरच पट्टी लावायची. ओतणाऱ्याला पट्टीवरचा आकडा दिसत असेल तर तो हव्या त्या उंचीपर्यंत ओततो. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.